फायलींवर कुलूप, नाव तेच, पासवर्ड तोच, तरी उघडेनात (विंडोज ७ वरून १०)

माळवद_गुरुजी · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो, त्याला पाच वर्षं झाली. कॉम्प्युटरचं ज्ञान एमएस-सीआयटीपुरतं. तीही सक्तीची होती म्हणून केलेली, त्यामुळं बेताचीच समजा.

अडचण अशी. २००९ ते २०१४ या काळात सुट्टीच्या दिवशी मी केज, धारूर, परळी या भागातल्या खेड्यांत फिरून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. रझाकारांचा काळ, पोलीस ॲक्शन, १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचं नि नंतरचं. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे तेव्हाचं बोलणारी माणसं ती. ११८ ध्वनिफायली आणि त्यातल्या ६३ मी रात्री जागून वर्डमध्ये उतरवलेल्या. ज्यांच्याकडून घेतल्या त्यांतलं आज एक माणूस हयात आहे.

२०१२ मध्ये मी त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ॲडव्हान्स्डमधल्या एन्क्रिप्टच्या चौकोनात खूण केली. नावं हिरवी झाली. उगं हौस म्हणून केलं नव्हतं. केज तालुक्यातल्या एका आजीनं सगळं सांगितलं आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "मास्तर, मी हाय तवर हे कुणाला ऐकवू नगा." मी हो म्हणालो. घरात लेकरं कॉम्प्युटरला हात लावायची, म्हणून कुलूप.

तीन आठवड्यांपूर्वी मशीन फारच कुंथायला लागलं म्हणून एका दुकानात दिलं. त्यांनी सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज १० प्रो टाकून दिलं. डी ड्राइव्हला हात लावला नाही, हे मात्र खरं. फोल्डर जागेवर आहे, नावं दिसतात, आकार दिसतो, चिन्हावर बारीक कुलूप दिसतं. उघडायला गेलं की 'ॲक्सेस डिनाइड'. पेनड्राइव्हवर टाकायला गेलं तरी तेच.

मी नवीन विंडोजमध्ये वापरकर्त्याचं नाव जुनंच ठेवलं, पासवर्डही जुनाच. सिक्युरिटीत जाऊन सगळ्या फायलींची मालकी माझ्या नावावर करून घेतली, फुल कंट्रोल दिला. फरक शून्य. नाव तेच, पासवर्ड तोच, मालक मीच, मग किल्ली तीच का नाही? वर्गात एखाद्या पोरानं असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. आता उत्तर मलाच पाहिजे.

---

खटका · रविवार, रात्री ९:२२

एईएस २५६ आहे, म्हणजे सगळ्यात भक्कम कुलपांपैकी एक. किल्ली गेली म्हणजे गेली. जगातले सगळे कॉम्प्युटर जोडले तरी तुमच्या हयातीत निघणार नाही. डिलीट मारा आणि जागा मोकळी करा.

---

तेरणाकाठ · रविवार, रात्री १०:०५

गुरुजी, आधी एक काम करा. मशीन बंद करा आणि प्लग काढा. पुढचं मोबाईलवर वाचा. आणि डिलीट तर काहीच करू नका.

खटका म्हणतोय ते अर्धं खरं आहे. कुलूप फोडून उघडणार नाही, तो विषय सोडा. पण फोडायचं कशाला? किल्ली कुठं पडली ते शोधायचं.

तुम्ही वापरलं त्याला ईएफएस म्हणतात, म्हणजे एन्क्रिप्टिंग फाईल सिस्टिम, विंडोजचं फायलींचं कुलूप. विंडोज २००० पासून आहे. यात किल्ल्यांची उतरंड असते, आजीच्या घरात गाडग्यावर गाडगं असायचं तशी. प्रत्येक फायलीला तिची स्वतःची एक किल्ली. ती किल्ली फायलीसोबतच असते, पण तुमच्या नावच्या प्रमाणपत्रानं बंद केलेली. ते उघडणारी तुमची खासगी किल्ली सी ड्राइव्हवर, तुमच्या युजर फोल्डरातल्या ॲपडेटामध्ये, क्रिप्टो नावाच्या फोल्डरात. ती खासगी किल्लीही उघडी नसते. ती बंद असते एका मास्टर किल्लीनं, जी शेजारच्या प्रोटेक्ट फोल्डरात. आणि ती मास्टर किल्ली उघडते तुमच्या पासवर्डनं.

म्हणजे तुमचा पासवर्ड ही किल्ली नव्हेच. ज्या डब्यात किल्ली ठेवली त्या डब्याचं ते झाकण. दुकानदारानं डबाच फेकला. तुम्ही नवीन डब्याला जुनं झाकण लावून बघताय, आत काही नाही.

नावाचंही तसंच. विंडोज तुम्हाला नावानं ओळखत नाही, एका लांबलचक क्रमांकानं ओळखतं. एस-१-५-२१ असा सुरू होतो तो. नवीन विंडोजनं तुम्हाला नवीन क्रमांक दिला. त्याच्या लेखी तुम्ही त्याच नावाचे दुसरेच गृहस्थ आहात. मालकी घेणं म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावून घेणं, त्यानं पेटीचं कुलूप उघडत नाही.

आता सांगा:
फिरणारी हार्ड डिस्क आहे की चिपवाली एसएसडी? सी वर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का? पीएफएक्स शेपटीची एखादी फाईल, म्हणजे किल्लीची प्रत, कधी पेनड्राइव्हवर, सीडीवर ठेवलीत का? २०१२ साली कुलूप लावल्यावर कोपऱ्यात 'किल्लीची प्रत काढून ठेवा' असा फुगा आला असणार.

---

माळवद_गुरुजी · सोमवार, सकाळी ७:४०

मशीन कालच बंद केलं. उतरंडीचा दाखला आवडला, मी वर्गात असतो तर फळ्यावर काढला असता.

हार्ड डिस्क आहे, ५०० जीबी, फिरणारी. 'ओल्ड' नावाचं काही नाही, मी दोनदा पाहिलं. फुगा आला होता बहुतेक. मी तो फुलीवर टिचकी मारून घालवला असणार, कारण मी सगळेच फुगे तसे घालवतो. पीएफएक्स हा शब्द आज आयुष्यात पहिल्यांदा वाचला.

तीन आठवड्यांत मशीनवर काय काय झालं तेही सांगून टाकतो, डॉक्टरपासून लपवू नये. अपडेट झाले. नातीनं कार्टून पाहिली. आणि मी एक 'फाईल वाचवा' छापाचं फुकटचं सॉफ्टवेअर सी वरच उतरवून चालवलं. त्यानं लग्नाचे फोटो सापडले म्हणून सांगितलं आणि पैसे मागितले.

---

लिनक्सलिंबू · सोमवार, सकाळी ११:१५

काका, लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा. लिनक्स विंडोजच्या परवानग्या मानत नाही, सरळ कॉपी होतं सगळं. मी शेकडो वेळा केलंय.

---

तेरणाकाठ · सोमवार, दुपारी १२:३०

लिंबू, परवानगीची अडचण असेल तर तुझं बरोबर. इथं परवानगीचा प्रश्नच नाही. लिनक्सनं ती फाईल उचलली तरी आत गिचमिड असणार, आणि वर एक धोका: फायलीसोबतची जी किल्ली आहे ती वेगळ्या कप्प्यात असते. साध्या कॉपीत ती मागे राहिली तर उद्या खासगी किल्ली सापडूनही त्या प्रतीचा उपयोग नाही. गुरुजी, या फायली एकेक करून कुठं हलवू नका. हलवायचीच तर अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत.

आणि ते फुकटचं सॉफ्टवेअर सी वर टाकलंत ते वाईट झालं, खरं सांगतो. ज्या जमिनीत पुरलेलं शोधायचं तिथंच नांगर चालवल्यासारखं. पण एसएसडी असती तर मी इथंच थांबलो असतो. तिथं फॉरमॅट झालं की मोकळ्या जागेवरचं बहुधा स्वतःच पुसून टाकते ती. फिरणाऱ्या डिस्कवर वरून दुसरं लिहिलं जाईपर्यंत जुनं राहतं.

जवळपास कुणी आहे का, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावणारं?

---

माळवद_गुरुजी · सोमवार, दुपारी २:००

माझा एक जुना विद्यार्थी लातूरला हार्डवेअरचं काम करतो. सातवीत त्याला अपूर्णांक येत नव्हते म्हणून मी ओणवा उभा केला होता. आता त्याच्यापुढं मीच ओणवा. उद्या एसटीनं डिस्क घेऊन जातो.

---

उदगीरची_सुमन · मंगळवार, दुपारी ४:२०

मध्येच विचारते, राग मानू नका. माझ्या लेकीचा लॅपटॉप अपडेटनंतर निळा पडदा दाखवून बिटलॉकरची (अख्ख्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की मागायला लागलाय. ४८ आकडे. तिनं ते वहीत उतरवून ठेवले होते, पण वही पावसात भिजली. सात गट स्वच्छ वाचता येतात, एका गटात तिसरा आकडा पार पुसलाय. तिचं अकाउंट उघडून बघा म्हणतात, पण ज्या नंबरवर कोड येतो तो नंबरच बंद झाला. हे पण गेलंच का?

---

तेरणाकाठ · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सुमनताई, हे अजिबात गेलेलं नाही. एकच आकडा असेल तर ० ते ९ दहा वेळा घालून बघितलं तरी झालं. पण तेवढंही करायची गरज नाही. बिटलॉकरच्या किल्लीत सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ नं निःशेष भाग जातो. चूक लगेच पकडता यावी म्हणून तशी रचना आहे. फक्त तो एकच गट इथं टाका. बाकीचे सात चुकूनही टाकू नका.

---

उदगीरची_सुमन · मंगळवार, संध्याकाळी ७:०२

५ १ (पुसलेला) ३ ६ २

---

माळवद_गुरुजी · मंगळवार, संध्याकाळी ७:०९

हे माझ्या खात्यातलं आलं, मीच सांगतो. मी लातूरहून परतीच्या एसटीत आहे, पण याला वही लागत नाही.

११ ची कसोटी: एकाआड एक आकड्यांची बेरीज करायची, दोन बेरजांची वजाबाकी करायची. उत्तर ० आलं किंवा ११ च्या पटीत आलं तर भाग जातो. पहिला, तिसरा, पाचवा: ५ अधिक अमुक अधिक ६, म्हणजे ११ अधिक अमुक. दुसरा, चौथा, सहावा: १ अधिक ३ अधिक २, म्हणजे ६. वजाबाकी ५ अधिक अमुक. हे ११ व्हायला अमुक ६ पाहिजे. दुसरा कुठलाही आकडा बसत नाही.

५१६३६२. भागून बघा, ४६९४२ येतात.

सुमनताई, लेकीला सांगा, सहावीतलं गणित आहे हे.

---

उदगीरची_सुमन · मंगळवार, रात्री ८:३०

उघडलं! सर, तुमचे लई उपकार. लेक रडायली होती, तिचा सगळा प्रकल्प त्यात होता. तुमच्या फायली मिळू देत, योगेश्वरीला नारळ फोडते.

---

खटका · मंगळवार, रात्री ८:४१

हे ११ चं माहीत नव्हतं. मान्य.

---

माळवद_गुरुजी · गुरुवार, रात्री ९:३०

लातूरचा अहवाल. चांगला नाही.

विद्यार्थ्यानं आधी डिस्कची संपूर्ण प्रत काढली, अस्सल डिस्क माझ्या हातात परत दिली आणि सगळा शोध प्रतीवर घेतला. तेवढ्यात चार वेळा लाईट गेली, इन्व्हर्टर होता म्हणून निभावलं. जुन्या प्रोटेक्ट फोल्डरातल्या मास्टर किल्ल्या १४ सापडल्या. त्याला आणि मला आनंद झाला, आम्ही चहा प्यालो. मग क्रिप्टो फोल्डरातली खासगी किल्ली शोधली तर तिची नोंद सापडली, पण त्या जागी विंडोज १० ची कुठलीशी अपडेटची फाईल बसलेली.

म्हणजे आतल्या डब्याची किल्ली आहे आणि डबा नाही. १४ सापडतात आणि पाहिजे ती एक सापडत नाही, हे कसं काय ते तरी सांगा. तेवढंच समाधान.

---

तेरणाकाठ · गुरुवार, रात्री १०:१५

वाईट वाटलं गुरुजी.

कारण आकाराचं आहे. विंडोजच्या डिस्कवर सगळ्या फायलींची एक मोठी खतावणी असते, प्रत्येक फायलीला त्यात १०२४ बाइटची एक ओळ. फाईल अगदी बारीक असली, साधारण ७०० बाइटच्या आतली, तर तिला वेगळी जागाच देत नाहीत. ती त्या ओळीतच मावते. मास्टर किल्ली अर्ध्या केबीहून लहान असते. म्हणून जिथं खतावणीची जुनी पानं उरली तिथं ती अख्खी उरली. तुमची खासगी किल्ली दोन-तीन केबीची, तिच्यासाठी खतावणीत फक्त पत्ता आणि माल गोदामात. गोदामात नवीन माल भरला.

१४ असण्याचं कारण असं की मास्टर किल्ली विंडोज दर तीन महिन्यांनी नवीन करतं आणि जुन्या फेकत नाही. खरं तर आणखी असायला हव्या होत्या, बाकीच्यांची पानं गेली.

आता शेवटचा प्रश्न, आणि नीट आठवून सांगा. २०१२ पासून ते मशीन एकाच हार्ड डिस्कवर चालू होतं का? मध्ये कधी डिस्क बदलली, मोठी टाकली, जुन्यावरची नवीनवर उतरवून घेतली, असं काही?

---

माळवद_गुरुजी · गुरुवार, रात्री १०:२२

थांबा.

---

माळवद_गुरुजी · शुक्रवार, सकाळी ६:१५

रात्री झोप नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात जागा पुरेना म्हणून ५०० ची टाकली होती. त्याआधी १६० जीबीची होती. ज्यानं बदलली त्यानं 'जशीच्या तशी उतरवली' असं सांगितल्याचं पक्कं आठवतं, कारण डेस्कटॉपवरचा आईचा फोटोसुद्धा जागेवर होता.

ती १६० ची मी टाकून दिली नव्हती. मी काहीच टाकून देत नाही, यावर घरात नेहमी भांडण असतं. ती गावाकडं माळवदाच्या घरात, देवळीखालच्या लोखंडी पेटीत आहे. वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळून, डांबरगोळ्या घालून. आता निघतोच आहे.

---

तेरणाकाठ · शुक्रवार, सकाळी ८:५०

गुरुजी!! तुमच्या घरातलं ते भांडण तुम्ही जिंकलात.

नीट ऐका. कुलूप २०१२ चं, डिस्क बदलली २०१६ ला. म्हणजे त्या १६० मध्ये तीच खासगी किल्ली, तेच प्रमाणपत्र, सगळी उतरंड जागेवर असली पाहिजे. २०१६ नंतर कुलूप लावलेल्या फायलींनाही तेच प्रमाणपत्र चालतं. साध्या घरगुती मशीनवर विंडोज ते एकदाच बनवतं, १०० वर्षांच्या मुदतीचं.

पण तीन गोष्टी. एक, आधी प्रत काढा, नऊ-दहा वर्षं पडून असलेली डिस्क एकदाच फिरेल असं समजून चाला. दोन, त्यावर पासवर्ड २०१६ चा लागेल, आजचा नव्हे. मधल्या काळात बदलला असेल तर जुना आठवावा लागेल. तीन, सगळ्यात महत्त्वाचं: पासवर्ड आठवला नाही तर कुणी म्हणेल 'पासवर्ड उडवून देतो, दोन मिनिटांचं काम'. उडवू देऊ नका. बाहेरून पासवर्ड उडवला की विंडोज आत घेतं, पण मास्टर किल्ली जुन्या पासवर्डनंच बंद राहते. दार उघडं आणि तिजोरी बंद, अशी गत.

---

माळवद_गुरुजी · रविवार, रात्री ११:४०

सविस्तर लिहितो, उद्या कुणाला उपयोगी पडेल.

पेटीत डिस्क मिळाली. धोतराला कसर लागली होती, डिस्कला काही नाही. लातूरच्या पठ्ठ्यानं प्रत काढली, शेवटी काही जागा खराब निघाल्या, पण त्या रिकाम्या भागातल्या होत्या. ती प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून माझ्याच मशीनला लावली, ५०० ची काढून ठेवली.

चालू केलं. विंडोजचे चार रंग गोळा व्हायला लागले आणि निळा पडदा. पुन्हा चालू, पुन्हा निळा. मी तर खाली बसलो. पण पोरगं हुशार. म्हणाला, सर, दुकानदारानं विंडोज १० टाकताना बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय केला असेल, तुमचं विंडोज ७ आयडीई मोडवर टाकलेलं होतं. तो मोड परत आयडीईवर आणला आणि आईच्या फोटोसकट मशीन सुरू झालं. (याला मी अपूर्णांकांवरून ओणवा उभा केला होता, हे आठवून आता लाज वाटते.)

मग पासवर्ड. आजचा घातला, चूक. २०१८ मध्ये बदलला होता हे मला माहीत होतं, आधीचा काय होता ते माहीत नव्हतं. पण विंडोज ७ मध्ये चुकीचा घातला की खाली तुम्हीच लिहिलेला इशारा दिसतो. माझा इशारा होता: 'दुष्काळात काय खाल्लं'.

दुष्काळ म्हणजे १९७२ चा, यात मला शंका नव्हती. मी तेव्हा लहान, आई-वडील दोघंही खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची. सुकडी७२ घातलं. चूक. सुकडी१९७२. चूक. पोरगं म्हणालं, सर, सांभाळून. मी उठून बाहेर गेलो, उसाचा रस प्यालो आणि आठवायला लागलो, खाल्लं काय आम्ही घरी? सुकडी तर कामावर. घरी भाकरी. आणि भाकरी कशाची, तर ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. थापताना तुटायची, आई रागानं काठवट आपटायची. आत जाऊन मिलो७२ घातलं.

उघडलं.

आता पुढचं. विंडोजमधली प्रमाणपत्रं दाखवणारं सर्टमॅनेजर उघडलं, पर्सनलमध्ये एकच प्रमाणपत्र, उद्देशापुढं 'एन्क्रिप्टिंग फाईल सिस्टिम' लिहिलेलं. एक्स्पोर्ट, खासगी किल्लीसकट, नवीन पासवर्ड घालून. पीएफएक्सची फाईल झाली, चार केबीसुद्धा नाही. इतक्या वर्षांचं काम या चार केबीवर अडलं होतं.

मग ५०० ची परत लावली, साटाचा मोड परत एएचसीआय. आधी सायफर नावाची आज्ञा सी हा पर्याय देऊन चालवली, ती त्या फायलीला कुठल्या प्रमाणपत्राचा अंगठा लागला ते दाखवते. दोन्हीकडचे ४० अक्षर-आकडे मी मोठ्यानं वाचले, पोरानं तपासले. जुळले. पीएफएक्सवर दोनदा टिचकी, पासवर्ड, फिनिश.

पहिली उघडली ती केजच्या आजींची. ४७ मिनिटांची आहे, मी शेवटची दोनच मिनिटं ऐकली. शेवटी त्या विचारतात, "बंद झालं का ते?" आणि मी म्हणतो, "झालं." बंद झालेलं नव्हतं, मी बटण नंतर दाबलं. मग पाच-सहा सेकंद नुसती चुलीची तडतड.

---

खटका · रविवार, रात्री ११:५२

मी पहिल्या दिवशी डिलीट करा म्हणालो होतो. माफी असावी गुरुजी.

---

लिनक्सलिंबू · सोमवार, सकाळी ९:०५

काका जबरदस्त. मिलो म्हणजे काय ते आज आजीला विचारलं, तिनं पण तोंड वाकडं केलं.

---

तेरणाकाठ · सोमवार, सकाळी ९:४०

सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंत.

आता दोन कामं राहिलीत. पीएफएक्सच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या घरांत. आणि मिलो७२ आता जगजाहीर झाला, तो पुन्हा कुठं वापरू नका.

---

माळवद_गुरुजी · सोमवार, दुपारी १:१५

एक प्रत परळीला बहिणीकडं, एक लातूरला त्या पोराकडं. पासवर्ड कागदावर, कागद गावाकडच्या पेटीत, धोतर मात्र बदललं.

एक शंका. आजी २०१९ ला गेल्या. त्यांची मुलगी गेल्या वर्षी भेटली तेव्हा म्हणाली, आईचा आवाज असला तर द्या. तिला पेनड्राइव्हवर द्यायचं तर कुलूप सोबत जाईल की नाही? आता आजी नाहीत, तेव्हा शब्द मोडत नाही असं मी समजतो, पण गावभर वाजावं असंही नाही ते.

---

तेरणाकाठ · सोमवार, दुपारी १:४०

साध्या पेनड्राइव्हवर जाईलच असा भरवसा नाही. विंडोज ७ पर्यंत हे कुलूप एनटीएफएस पद्धतीनं मांडलेल्या डिस्कवरच टिकायचं, आणि पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. तिकडं टाकताना जुनं विंडोज एकदा विचारायचं आणि हो म्हटलं की फाईल उघडी होऊन जायची. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत कुलूप तिकडंही सोबत जाऊ शकतं, मग तिच्याकडं फाईल उघडणारच नाही. म्हणून आधी एन्क्रिप्टची खूण काढलेली प्रत करा. मग ती प्रत सेव्हन-झिपमध्ये (फायली बांधायचं सॉफ्टवेअर) पासवर्ड घालून द्या, तेही एईएस २५६ आहे. पासवर्ड तिला फोनवर सांगा.

---

माळवद_गुरुजी · सोमवार, दुपारी १:५५

तिला लिहिता-वाचता येत नाही, झिप-बिप कुठलं. नातीचा लॅपटॉप घेऊन मीच जातो शनिवारी. तिच्यापुढं लावतो. पेनड्राइव्ह द्यायचा का नाही ते ऐकून झाल्यावर तिलाच विचारीन.